गुड्रुनचा गुरुवार

१९९६ साल. त्या वर्षी एप्रिलच्या सोळा तारखेला, मंगळवारी, गुड्रुन लाम्पार्टर पंचेचाळीस वर्षांची झाली आणि तिच्या नवऱ्यानं तिला वाढदिवसाची भेट म्हणून टेलिफोनची लाइन दिली.

त्या दिवसांत जर्मनीत ज्याला त्याला आयएसडीएन हवं होतं. तार जुनीच, पण तिच्यातून वाटा दोन. एकीवर माणूस बोलत बसला तरी दुसरीवरून संगणकातला मजकूर गावोगाव जाऊ शके. शिवाय घराला एकाच्या जागी तीन नंबर मिळत. डॉक्टर, वकील, विमेवाले यांच्याकडे ती आधीच आली होती. आल्बच्या पठारावरच्या त्या आडगावात मात्र लाम्पार्टरांचं घर पहिलं.

एबरहार्ड वजनमापं तपासणाऱ्या सरकारी कचेरीत होता. बाजारातल्या तराजूपासून पेट्रोलपंपाच्या काट्यापर्यंत सगळं त्याच्या हाताखालून जाई आणि कुणाची चूक सापडली तरी तो आवाज चढवत नसे. फक्त लिहून घेई. माणूस भला. त्यानं दोन महिने माहितीपत्रकं वाचली, कुणाला न सांगता अर्ज केला, आणि वाढदिवसाच्या सकाळी कंपनीचा माणूस, डुर्स्ट, दारात हजर झाला. जिन्याखाली त्यानं भिंतीवर पांढरी डबी ठोकली. एबरहार्डनं तिला लाल फीत बांधली.

खालच्या मजल्यावर त्याची आई राहायची. ओटिलिया नाव, वय एकोणऐंशी, उजवा खुबा निकामी. ती काठी टेकत जिन्याखाली आली.

"एका तारेतून दोघं बोलणार? मग एकाचं दुसऱ्याला ऐकू नाही का जाणार?"

"नाही हो, फ्राउ लाम्पार्टर," डुर्स्ट गुडघ्यावर बसल्या बसल्या म्हणाला, "दोन वेगळ्या वाटा आहेत."

"वाईट झालं. काही तरी कळलं असतं."

एबरहार्डनं तीन फोनवर तीन पट्ट्या चिकटवल्या: आई, घर, काम. मग तो बायकोकडे वळला. त्याचे कान लाल झाले होते. भेट देताना व्हायचे तसे.

"आता बस नाही, गाडी नाही, हिवाळ्यात थांब्यावर कुडकुडणं नाही. बटण दाबलंस की तुझं काम उल्मला. तू इथंच."

गुड्रुननं त्याच्या गालाची पापी घेतली. काय करणार? पण "तू इथंच" हे दोन शब्द तिच्या कानात कुसळासारखे रुतले ते रुतलेच.

ती मजकूर जुळवायची. लग्नाआधीपासून उल्म शहरातल्या एका छापखान्यात नोकरीलाच होती. १९८५ साली सासूचा खुबा मोडला, घरात कुणीतरी हवं झालं. मूलबाळ नव्हतं, तेव्हा तिनंच घरी राहायचं हे कुणी न बोलताच ठरलं. छापखान्यानं तिला काम घरी दिलं. आधी टंकयंत्र होतं, पुढे संगणक आला. चर्चची पत्रकं, गायनमंडळांचे अहवाल, एका बियाणेवाल्याचा जाडजूड सूचीग्रंथ. आठवडाभर ती वरच्या मजल्यावर बसून ते जुळवी आणि गुरुवारी डिस्क डबीत घालून सकाळी पावणेसातची बस धरी.

तो गुरुवार, बस्स. अकरा वर्षं तेवढ्यावर चाललं होतं.

छापखान्याच्या मागच्या अंगाला एक अरुंद खोली होती. तिथं फ्राउ बिट्झर, म्हणजे बिट्झरबाई, बसत. त्या मुद्रितं तपासत. त्यांची रीत जुनी होती: एकीनं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, सगळं उच्चारून; दुसरीनं छापील कागदावर बोट फिरवत ऐकायचं. दर अर्ध्या तासानं अदलाबदल. गाजराच्या चौतीस जाती गुड्रुननं त्या खोलीत नाटकातल्या राणीसारख्या वाचल्या होत्या, आणि फ्राउ बिट्झर चष्मा काढून डोळे पुसत म्हणाल्या होत्या, "तेविसाव्या गाजराला तुम्ही फार रागावलात." बाराला दोघी तळघरातल्या खाणावळीत जात. गुरुवारी मसूर, शेवया आणि सॉसेज. मग डॅन्यूबच्या काठानं एक फेरी, तीनची गाडी, पाचला घर. अकरा वर्षं दोघी एकमेकींना "अहो" म्हणत आल्या. घरची विचारपूस नाही, पहिलं नाव ठाऊक नाही. गरजही पडली नव्हती. घरी गुड्रुनचा आवाज "आलेच" आणि "जेवायला चला" यापलीकडे फारसा खर्च होत नसे.

छापखान्याकडची जोडणी होईतो दोन आठवडे गेले; मेच्या दोन तारखेचा गुरुवार लाइनीचा पहिला. गुड्रुन सहालाच उठली होती. पावणेसातला बस खिडकीखालून गेली. ड्रायव्हरनं सवयीनं वेग कमी केला, थांब्यावर कुणी नाही पाहून पुन्हा वाढवला. दहाला तिनं बटण दाबलं. संगणकावर एक पट्टी हळूहळू भरत गेली. मग कामाचा फोन वाजला. पलीकडे यंत्र सांभाळणारा केसलर.

"आलं. नीट आलं."

"फ्राउ बिट्झरना सांगाल का, मी—"

पण त्यानं फोन ठेवला होता. सव्वादहा वाजले होते आणि अख्खा गुरुवार तिच्यापुढे तसाच पडला होता.

लाइनीचं आणखी एक सुख एबरहार्डनं शोधून काढलं होतं: घरातल्या घरात एका फोनवरून दुसऱ्यावर बोलता येई. ओटिलियाबाई पूर्वी काही हवं असलं की चमच्यानं वर जाणाऱ्या पाण्याच्या नळीवर ठोकत, तेही हात दुखतो म्हणून बेतानं. आता नुसतं एक बटण.

"गुड्रुन, माझा चष्मा."

"तुमच्या डोक्यावर असेल, आई."

"आहे. बरं, आता उठलीच असशील तर खिडकी लावून जा."

दिवसातून आठ वेळा, दहा वेळा. एकदा गुड्रुननं मोजायला घेतलं आणि चौदावर सोडून दिलं.

जूनमध्ये तिनं जेवताना विषय काढला. "गुरुवारी मी जात जाऊ का रे, तरी?"

एबरहार्डला खरंच कळेना. "कशाला?"

"फ्राउ बिट्झर असतात तिथं."

"मग त्यांना फोन कर की. आता दोन वाटा आहेत, आईचा फोन अडणार नाही."

त्याच्या बोलण्यात खोट कुठे होती? गुड्रुननं बटाट्याचं सालपट काढलं. ज्या गोष्टीला "कशाला" विचारलं की उत्तर नाही, ती मागायची तरी कशी, हे तिला सुचेना. फ्राउ बिट्झरच्या खोलीत फोन नव्हता. केसलरकडे निरोप ठेवले, दोनदा. उलट फोन आला नाही. फ्राउ बिट्झरना फोन आवडत नाहीच, तिनं स्वतःची समजूत घातली.

उन्हाळा चढला. खिडकीतून तिला बसचा थांबा, त्याचा बाक आणि बाकावरची पत्र्याची पाटी दिसे. तिनं टेबल फिरवून भिंतीकडे तोंड केलं. तर मग भिंतच दिसे.

जुलैच्या चार तारखेला बियाणेवाल्याचा सूचीग्रंथ पाठवायचा होता, चित्रांसकट. एका वाटेनं दोन तास लागले असते. माहितीपुस्तकात तिला सापडलं: एका चौकटीत खूण केली की संगणक दोन्ही वाटा एकदम वापरतो. तिनं खूण केली. पट्टी दुप्पट वेगानं भरू लागली, आणि दहा मिनिटांनी सतरा पायऱ्या, काठी आणि खुबा यांचा एकत्र आवाज करत ओटिलियाबाई वर आल्या. सहा वर्षांत पहिल्यांदा.

"फोन मेला! उचलला की नुसतं टूं टूं करतोय."

"काम चाललंय, आई. दोन्ही वाटा भरल्यात."

"आज गुरुवार आहे! वाल्बुर्गाचा गुरुवार आहे!"

वाल्बुर्गा ही ओटिलियाची थोरली बहीण, बीबराखला राहणारी, चौऱ्याऐंशी वर्षांची. दोघी बहिणींचा गुरुवारी दहाच्या ठोक्याला फोन असे. एक गुरुवार हिनं करायचा, एक तिनं. एकोणीस वर्षांत त्यात बदल नव्हता. कुणाचं देणं कुणाकडे राहू नये अशी दोघींची शिकवण.

गुड्रुननं सासूकडे पाहिलं. कपाळावर घाम, हाताचा जिन्याच्या कठड्याला विळखा. आणि तिच्या मनात आलं, स्वच्छ शब्दांत आलं: जा बसनं, असं ही म्हणेल. हिलाच म्हणायला लावायचं.

पुढच्या गुरुवारी पाठवायला चर्चचं चार पानी पत्रक होतं. पाच मिनिटांचं काम. गुड्रुननं खूण तशीच ठेवली, दहाला पाच कमी असताना सुरू केलं, आणि तेच पत्रक पुन्हा पुन्हा पाठवत राहिली. अकरापर्यंत. खाली फोन उचलल्याचा, आपटल्याचा आवाज येत होता. केसलरचा फोन शेवटी आला तेव्हा तो नेहमीपेक्षा जास्त बोलला. "अहो, सात वेळा आलं."

"खात्री करत होते," गुड्रुन म्हणाली.

त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. तिला वाटलं होतं, म्हातारी एका आठवड्यात हात टेकेल: "जा बाई, तुझ्या बसनं जा, पण माझा फोन सोड." पण ओटिलियाबाई तशा हटणाऱ्या नव्हत्या. त्या गुरुवारी बोलत नसत, शुक्रवारी दुप्पट बोलत.

आणि मग पंचवीस जुलै आला. त्या दिवशी पाठवायला काही नव्हतंच. लाइन मोकळी होती. दहाला फोन वाजला नाही. साडेदहाला नाही. पहिल्या ऑगस्टलाही नाही, आठलाही नाही.

पंधरा ऑगस्टला अकराच्या सुमाराला गुड्रुन खाली गेली. ओटिलियाबाई रविवारी चर्चला घालायचा पांढरा सदरा घालून फोनपाशी बसल्या होत्या. समोर बटाट्याची कोशिंबीर, न चिवडलेली.

"वाल्बुर्गा गेली असेल का गं?"

"गेल्या असत्या तर कुणीतरी कळवलं असतं."

"मग रागावली."

"तुम्ही करा ना फोन."

"मी कसा करू? तिचा गुरुवार तिनं केलेला नाही. तिनं केल्याशिवाय माझा कुठून येणार?"

गुड्रुनच्या डोक्यात लख्ख पडलं. पलीकडे वाल्बुर्गामावशीनं नंबर फिरवला होता. लाइन अडलेली लागली ही काही तिची चूक नव्हे, तेव्हा तिचा गुरुवार झाला होता. आता ती ओटिलियाच्या गुरुवारची वाट बघत बसली होती. दोन म्हाताऱ्या, साठ किलोमीटरवर, दोघी फोनपाशी. आणि दोघींपैकी एकही आयुष्यात कधी दुसरीचा दिवस घेणार नव्हती.

गप्प राहिलं तर? एवढंच म्हणायचं होतं: हे यंत्र असं आहे बघा, आई, त्यापेक्षा मी बसनं जाते. गुरुवार हातात होता. पण तो सदरा. त्याला इस्त्री केली होती, ती म्हातारीनं स्वतः, काठीवर रेलून.

"आई, मी ते मुद्दाम केलं."

"काय?"

"दोन्ही वाटा अडवल्या. एकीवर भागलं असतं. चार पानं होती."

ओटिलियाबाईंनी चष्मा नाकावर सरकवला. "कशासाठी?"

"तुम्ही कंटाळून म्हणाल म्हणून. जा बसनं, असं."

ओटिलियाबाईंनी कोशिंबिरीची ताटली बाजूला सारली.

"मग सरळ सांगायचं होतंस, जायचंय म्हणून."

"सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?"

म्हातारीनं प्रामाणिकपणे विचार केला. "नाही म्हणाले असते." मग काठी उचलून फोनकडे रोखली. "लाव तिला."

"पण गुरुवार कुणाचा, तुमचा की त्यांचा?"

"म्हणून तर तू लाव. तुझा कुठला गुरुवारच नाही."

हे ती टोमणा म्हणून बोलली की नुसतं हिशेबानं, ते गुड्रुनला पुढेही कधी कळलं नाही. तिनं नंबर फिरवला.

"हेप," मावशीनं पलीकडून खणखणीत आवाजात आडनाव सांगितलं.

"मावशी, मी गुड्रुन."

"कोण मेलं?"

"कुणी नाही. मावशी, जुलैत तुम्हाला लाइन अडलेली लागली ना, ती माझ्या कामामुळे. मी अडवली होती. आई बोलत नव्हत्या."

"म्हणजे ती ट्रूडेशी बोलत नव्हती?"

ट्रूडे ही त्यांची चुलतबहीण. दोघी बहिणींच्या आईच्या कपाटावरून तिच्याशी पंचवीस वर्षं अबोला होता.

"ट्रूडेशी कोण बोलेल!" ओटिलियाबाई खुर्चीतूनच ओरडल्या आणि गुड्रुनच्या हातून फोन हिसकावला. "तुला लाज नाही वाटत असं मनात आणायला?"

सव्वा तास चाललं ते.

संध्याकाळी सूप वाढताना ओटिलियाबाई मुलाला म्हणाल्या, "येत्या गुरुवारपासून गुड्रुन बसनं जाईल. ते यंत्र माझा फोन मारतं."

"अगं आई, ती एक खूण असते. काढली की झालं. मी आत्ता—"

"हात लावायचा नाही."

एबरहार्डनं आईकडे पाहिलं, मग बायकोकडे. तराजूला कुणाचं बोट लागलंय हे त्याला लांबून कळत असे. पण उठून स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेत दर गुरुवारी त्यानं पेन्सिलीनं लिहिलं: गु., उल्म. डिसेंबरपर्यंत. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, हळूच विचारलं, "भेट आवडली नव्हती का तुला?"

"आवडली होती रे," गुड्रुन म्हणाली. "तू फीत छान बांधली होतीस."

बावीस ऑगस्टला ती बसमध्ये चढली. छापखान्याच्या दारातच केसलर भेटला.

"तुम्ही? लाइन बिघडली का?"

"नाही. फ्राउ बिट्झर आत आहेत?"

"त्यांना जूनअखेरीस कामावरून घरी पाठवलं. आता मजकूर तारेनं येतो, आम्ही तो गिऱ्हाइकाला फॅक्स करतो, चुका ज्याच्या त्यानं बघाव्या."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं नाहीत. निरोप ठेवलात ते मी त्यांच्या टेबलावर ठेवले होते. टेबलच गेलं."

अरुंद खोलीचं दार उघडंच होतं. आत फळ्यांवर यंत्रं, त्यांच्यावर हिरवे दिवे, आणि भिंतीवर तिच्या जिन्याखाली होती तसल्याच पांढऱ्या डब्या, एकीखाली एक, सहा. गुड्रुन उंबऱ्यात उभी राहिली. एवढ्या लटपटी करून ती घरातून निघाली होती. पण ज्यातून निघायचं ते घर नव्हतंच, असं तिला त्या क्षणी वाटलं. तार जाईल तिथं ते "तू इथंच" आधीच जाऊन बसलं होतं.

डिस्क केसलरच्या हातात देऊन ती बाहेर आली. साडेआठ वाजले होते. परतीची गाडी तीनची. स्टेशनाच्या चौकात टेलिफोनची पिवळी पेटी होती, आत साखळीला बांधलेलं नंबरांचं पुस्तक. उल्मात बिट्झर नावाचे तिघे निघाले. एक सुतार, एक डॉक्टर, आणि तिसरी: बिट्झर, ए. न कळवता कुणाच्या दारात जाऊन उभं राहणं त्या मुलखात कुणी करत नाही, आणि फोन तरी काय सांगून करायचा? "कशाला" म्हणून त्या विचारतील. गुड्रुनचं नाणं दोनदा खाली पडलं. तिसऱ्यांदा फोन लागला.

"बिट्झर."

"मी लाम्पार्टर. गुड्रुन लाम्पार्टर."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज.

"मला वाटलं, तुम्हाला यंत्र सोयीचं पडलं," फ्राउ बिट्झर म्हणाल्या.

"नाही पडलं."

"कुठे आहात?"

"स्टेशनासमोर."

"आत्ता लगेच येऊ नका. खिडक्या पुसायला काढल्यात, सगळं अंगावर आलंय. दहाला या." आणि फोन ठेवता ठेवता, "एर्ना. माझं नाव एर्ना."

गुड्रुन दीड तास चौकातल्या बाकावर बसून राहिली. इतका वेळ नुसतं बसणं तिला गेल्या कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं.

पुढे छापखाना २००१ साली बंद पडला. केसलरनं डॅन्यूबच्या काठी सायकली भाड्यानं द्यायचं दुकान टाकलं आणि म्हणे गिऱ्हाइकांशी तासन्‌तास गप्पा मारू लागला. वाल्बुर्गामावशी १९९९ च्या हिवाळ्यात गेली. त्यानंतर ओटिलियाबाईंनी सगळ्यांना थक्क करून ट्रूडेला फोन केला आणि दोघी मरेपर्यंत भांडल्या. ओटिलियाबाई २००३ मध्ये झोपेतच गेल्या. त्या वर्षापर्यंत गुरुवारी पाचला घरी पोचवणारी बस गुड्रुननं एकदाही चुकवली नाही. चुकवली असती तर घरी काय झालं असतं ते तिनं आजमावून पाहिलं नाही. एर्ना बिट्झर नव्वद वर्षं जगल्या. शेवटी शेवटी नजर गेली, तेव्हा गुड्रुन त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी आणि त्या मध्येच म्हणत, "इथं स्वल्पविराम नको होता."

एबरहार्डनं ती लाइन शेवटपर्यंत जपली. २०१८ साली कंपनीनं पत्र पाठवून ती बंद केली तेव्हा त्यानं भिंतीवरची डबी स्वतः उतरवली, पुसली आणि हत्यारांच्या खोलीत ठेवून दिली. दोन वर्षांनी तोही गेला. गुड्रुन अजून त्याच घरात आहे, वरच्याच मजल्यावर. खालचा मजला तिनं एका तरुण जोडप्याला दिलाय. दोघं घरूनच काम करतात, आणि दिवसदिवस बाहेर पडत नाहीत. ती कधीमधी त्यांचं दार वाजवते आणि विचारते, बसथांब्यापर्यंत फिरून यायचं का. बहुतेक वेळा ते म्हणतात, आत्ता नको.